स्केलाची आठवण आणि आईचं राहिलेलं लग्न

मंगळवार, आईच्या लग्नानंतरचा
(म्हणजे जे झालं नाही, त्या लग्नानंतरचा)

प्रिय वुकाशिनमामास,

तुझ्या उजव्या गालाला, डाव्या गालाला आणि पुन्हा उजव्या गालाला झोरानाचा मुका. तुझा गुडघा कसा आहे? डोंगरावर थंडी पडायला लागली असेल, तर तो लोकरीचा पट्टा बांधत जा. शेळीच्या गळ्यात बांधायला मी तो विणला नव्हता. खोकला गेला का? बागेतले आलुबुखार उतरवून झाले का? त्यांची दारू, राकिया, गाळायची भट्टी नीट लागली का? (एवढी चौकशी मी एरवी करत नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. पुढे काय लिहायचं आहे ते मला माहीत आहे, म्हणून या वेळी जरा जास्त मनापासून करते आहे.) आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तिसा नदी जागच्या जागी आहे, आईचं ब्लडप्रेशरही जागच्या जागी आहे, आणि शेजारचे ग्वोझ्देनकाका अजून सगळ्यांना मोठ्याने "काय?" विचारतात.

तू मेलला उत्तर देत नाहीस आणि फोनवर माझा आवाज ऐकलास की शेळ्या सुटल्याचं सांगून फोन ठेवतोस, म्हणून हे कागदावर. आता खुर्चीत नीट बस. चष्मा काढून टेबलावर आपटू नकोस, मागचाच अजून दोऱ्याने बांधलेला आहे. मामा, मी स्केलात कॅश घातली.

वाचलंस ना? पाणी पी. होय, आपल्या स्केलात. तू आणि स्वेतोझारकाकांनी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या पिठाच्या डब्याला टेकवलेल्या कॉम्प्युटरवर जी लिहिलीत, तीच स्केला. स्केला म्हणजे तराफा, म्हणून मी लहानपणी वर्गात अभिमानाने सांगायचे की माझा मामा तराफा चालवतो, आणि मुलांना वाटायचं तू खरोखरच माणसं आणि म्हशी पैलतीरी नेतोस. खोटंही नव्हतं ते. अलीकडच्या काठावर आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे, आमचे 'माणूस', 'लग्न', 'सभागृह' असे सुटसुटीत नग घेऊन उभे. पलीकडच्या काठावर डेटाबेस, सगळं जग रकान्यांत बसवून बसलेला. आणि मधे ये-जा करणारी आपली स्केला. प्रश्न घेऊन जायचं, उत्तर घेऊन यायचं. तोच प्रश्न पुन्हा आला तर पुन्हा जायचं. तिसऱ्यांदा आला तर तिसऱ्यांदा. कारण मामाचं म्हणणं असं की डेटाबेस हा जिवंत माणसासारखा आहे, काल काय म्हणाला ते मला सांगू नका, आज काय म्हणतो ते विचारून या. आणि स्वेताकाकांचं म्हणणं असं की अहो वुकाशिन, पलीकडे काहीही बदललेलं नसताना रिकामा तराफा हाकत बसण्यात काय शहाणपण आहे, आणलेलं उत्तर जवळ ठेवू, पुन्हा कुणी तेच विचारलं की हातावर ठेवू, हीच ती कॅश. यावर तुम्ही दोघं भांडलात, आणि असे भांडलात की स्वेताकाका आपला कॉम्प्युटर काखोटीला मारून निघून गेले, तू डोंगरावर निघून गेलास, आणि स्केला माझ्या गळ्यात पडली. (माणसं शेताच्या बांधावरून भांडतात, बायकांवरून भांडतात. आमच्या घरात उत्तर लक्षात ठेवावं की न ठेवावं यावरून वीस वर्षं अबोला आहे. हे मी बाहेर कुणाला सांगत नाही.)

तर झालं असं की आपल्या गावच्या पालिकेच्या लग्नसभागृहाची साइट स्केलावर चालते. उन्हाळा सुरू झाला की निम्मा जिल्हा तिथे येऊन एकच प्रश्न विचारतो: कुठल्या शनिवारी कुठली वेळ रिकामी आहे? वधू विचारते, वधूची आई विचारते, वराची आई वधूच्या आईवर विश्वास नसल्यामुळे पुन्हा विचारते, आणि वर ऑफिसात बसून कंटाळा आला म्हणून विचारतो. दर वेळी आपली स्केला इमानेइतबारे पलीकडे जाऊन तीच यादी घेऊन येते. साइट इतकी संथ झाली की एका मुलीने मला लिहिलं, 'ताई, पान उघडेपर्यंत माझं लग्न मोडलं.' (खरंच मोडलं होतं. पण त्याला इतर कारणंही होती, असं तिनेच नंतर कळवलं.) दोन सर्व्हर लावले, तरी तेच. शेवटी मी ठरवलं की आता मामाचा शब्द मोडायचा.

सल्ला विचारायला स्वेताकाकांकडे जावं लागलंच नाही, कारण ते दर गुरुवारी आईचा गीझर दुरुस्त करायला आमच्याकडे येत असत. (गीझर कधीच बिघडलेला नव्हता. हे मला दोन वर्षांनी कळलं. मी कॉम्प्युटरमधल्या चुका शोधून पोट भरते.) मी विषय काढला तशी त्यांनी चमचा खाली ठेवला.

"वुकाशिनला विचारलंस?"

"नाही."

"मग मी काही ऐकलेलं नाही," ते म्हणाले, आणि पुढे सूप गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत बोलत राहिले. मामा, तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, पण त्यांच्या डोक्यात ते सगळं तयार होतं, जसंच्या तसं. प्रश्न हीच किल्ली. प्रश्न आणि त्यातली माहिती दोन्ही तंतोतंत जुळली तरच साठवलेलं उत्तर द्यायचं. डेटाबेसच्या ज्या तक्त्यातून ते आलं त्यात कुणी काही बदललं की त्याच्याशी संबंधित सगळी साठवलेली उत्तरं फेकून द्यायची. "आणि नीट ऐक झोराना, सगळ्यात महत्त्वाचं," ते बोट वर करून म्हणाले, "तुझ्या स्केलाला न सांगता डेटाबेसात दुसरं कोण कोण लिहितं ते आधी शोधून काढ." नेमक्या त्याच वेळी आईने ओव्हनमधून चीजची गिबानित्सा काढली. तिचा वास तुला माहीत आहे. मी ऐकलं, पण ऐकलं नाही.

मग मी कामाला लागले. तपासण्या लिहिल्या, सगळ्या पास झाल्या. (व्हायच्याच. तपासण्यासुद्धा सगळ्या स्केलात बसूनच पलीकडे जात होत्या. दुसऱ्या वाटेने कुणी नदी ओलांडतं का, हे तराफ्यावर बसून कसं कळणार?) साइट अशी पळायला लागली की विचारू नकोस. बोट लावायच्या आधी यादी हजर! लोकांनी मला फुलं पाठवली. आई बाजारात सांगत सुटली की झोरानाने सभागृहात कॅश ठेवली, त्यामुळे सगळी कामं पटापट व्हायला लागली. आता तू सांग, पालिकेत कॅश ठेवल्यावर कामं पटापट होतात, हे ऐकून बाजाराने काय समजावं? दुसऱ्या दिवशी पालिकेतले एक गृहस्थ घरी येऊन दारातच कुजबुजले, "बाई, नेमकी कुणाला दिलीत?" त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर ते फार हिरमुसले.

आणि याच दिवसांत, मे महिन्यात, आईने आणि स्वेताकाकांनी लग्नाचं ठरवलं. ते तुला माहीत आहे, कारण आईने तुला स्वतः फोन करून विचारलं होतं की माझा साक्षीदार म्हणून उभा राहशील का. तुझं उत्तरही आम्हाला पोस्टकार्डावर मिळालं: 'सप्टेंबरात माझे आलुबुखार पिकतात. वुकाशिन.' आईने ते कार्ड फ्रिजवर लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. मग ग्वोझ्देनकाकांना विचारलं. ते "काय?" म्हणाले, आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर डोळे पुसत हो म्हणाले.

वेळ ठरवायला स्वेताकाका साइटवर गेलेच नाहीत. (कॅशचे जनक! वीस वर्षं तिच्यासाठी भांडले आणि स्वतःच्या लग्नाच्या वेळी तिच्यावर भरवसा टाकेनात.) ते चांगला शर्ट घालून, केक घेऊन, थेट नोंदणी अधिकारी पेर्सिदाबाईंच्या टेबलाशी गेले. पेर्सिदाबाई गेली कित्येक वर्षं गावाची लग्नं लावताहेत, आणि त्यांच्याकडे एक जुना काळा पडदा असलेला प्रोग्रॅम आहे. समोर येणाऱ्या माणसाची नोंद त्या त्यातच करतात. तो थेट डेटाबेसात लिहितो, मामा. स्केलाला न विचारता. पूल असावा तसा.

तुला पुढचं कळलं असेल. तुझ्या चेहऱ्यावर आत्ता जे हसू येतंय ते मला इथून दिसतंय. येऊ दे. पेर्सिदाबाईंनी सप्टेंबरातल्या त्या शनिवारी अकरा वाजता 'ल्युबिंका आणि स्वेतोझार' असं लिहिलं, आणि पहिल्या सर्व्हरला त्याचा पत्ता नाही, कारण तो आपली जपून ठेवलेली यादी दाखवत बसला होता: शनिवार, अकरा, रिकामे. तिथे एका जोडप्याने वेळ घेतली. दुसऱ्या सर्व्हरची आठवण वेगळी. पहिल्यावर काय झालं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. तोही म्हणत होता: शनिवार, अकरा, रिकामे. तिथे आणखी एका जोडप्याने घेतली. डेटाबेसने तरी अडवायचं, पण पूर्वी खाली छोटा दिवाणखाना होता तेव्हा एका वेळी दोन-दोन लग्नं लागायची, त्यामुळे त्याला कुणी नाही म्हणायला शिकवलंच नव्हतं. (छोट्या दिवाणखान्याचं छत एका वराच्या काकांवर पडलं तेव्हापासून तो बंद आहे. काका बरे आहेत.) आणि पेर्सिदाबाईंचा तो काळा पडदा एका वेळेसमोर एकच नाव दाखवतो, सगळ्यात शेवटी लिहिलेलं. ल्युबिंकाचं नाव जाऊन दुसरं आल्याचं बाईंच्या लक्षात आलं होतं. मी विचारलं, मग आम्हाला फोन का नाही केलात? तर म्हणाल्या, "मला वाटलं तिने विचार बदलला. या वयात ते मला बरंच शहाणपणाचं वाटलं."

आता शनिवार. हवा छान होती. आईने तो निळा पोशाख घातला होता, आणि मामा, ती फार सुंदर दिसत होती. हे तुला सांगण्यासाठी तरी मला हे पत्र लिहायचंच होतं. आम्ही मोजकीच माणसं. सभागृहाच्या अंगणात शिरलो तर तिथे गिटारीसारखे तंबोरे छेडणारे चौघे, आणि त्यांच्यामधे एक वधू, इतकी पोटुशी की तिच्या हातातला गुच्छ आपोआप त्या पोटावर टेकला होता. वर बिचारा डॅन्यूबवरच्या मालवाहू बोटीवर नोकरीला, त्याला सोमवारी बोट गाठायची होती. आम्ही त्यांचं अभिनंदन केलं, त्यांनी आमचं केलं, आणि मग दोन्ही बाजू समोरच्यांना आधीच्या लग्नाचे लोक समजून, ते कधी जातील याची वाट बघत हसत उभ्या राहिल्या. इतक्यात रस्त्यावरून तुताऱ्या ऐकू आल्या.

तुला आठवत असेल, आपल्याकडे ब्रास बँडवाले आले की आधी जमीन हलते, मग आवाज येतो. पुढे झेंडेवाला, त्यामागे डोक्याएवढी तोंडं असलेली वाद्यं, त्यामागे दोन बसमधून उतरलेलं अख्खं खेडं. फाटकाशी त्यांच्या दोन मुली टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कोटावर रोजमेरीची काडी टोचायला लागल्या. आमची माणसं, तंबोरावाल्यांची माणसं, चौकशीला आलेला पोस्टमन, सगळ्यांना सरसकट. दोन मिनिटांत कोण कुणाचा पाहुणा हे सांगायची सोय राहिली नाही. ब्रास बँडने एक धून धरली, तंबोरावाल्यांनी हट्टाने दुसरी धरली, आणि पेर्सिदाबाई दारात आल्या, अंगावर तिरंगी पट्टा, हातात एकच कागद.

"अकराचे कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्ही!" अख्खं अंगण म्हणालं.

मामा, तो क्षण मी विसरायची नाही. त्या गर्दीत फक्त दोन माणसांना काय झालंय ते कळलं, एक मी आणि दुसरे स्वेताकाका. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग तो एवढा मोठा माणूस, कोटाला रोजमेरी आणि गळ्यात आईने बांधलेला टाय, भिंतीच्या कठड्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "वुकाशिन हवा होता," ते म्हणाले. "त्याने वीस वर्षं वाट पाहिली या दृश्याची, आणि तो हजर नाही. काय दुर्दैव माणसाचं!" मग जरा वेळाने, हळू आवाजात: "त्याला सांग, तो बरोबर होता." आणखी जरा वेळाने: "नको, तसं सांगू नकोस. अर्धा बरोबर होता म्हणून सांग." (सांगितलं.)

तिकडे भांडण पेटत होतं. खेड्याकडचे म्हणत होते, आमचं सूप गार होतंय. बोटवाल्या वराची आई म्हणत होती, माझ्या सुनेकडे बघा आणि मग सुपाचं बोला. बँडचा म्होरक्या मधे पडून म्हणाला, "आम्हाला काय, आम्ही तिघांसाठी वाजवू," त्यावर तंबोरावाले बाह्या सरसावून उठले. मी एका पायरीवर चढले आणि ही सगळी चूक माझी आहे असं जाहीर करायला लागले. यादी, आठवण, दोन सर्व्हर, सगळं. कुणाला काही कळलं नाही, पण पोस्टमनला मनापासून वाईट वाटलं आणि त्याने मला राकियाचा घोट दिला. शेवटी आई पुढे झाली. ती फक्त एवढंच म्हणाली की पेर्सिदा, आधी या पोरीचं लाव, ती फार वेळ उभी राहू शकायची नाही. मग सूपवाल्यांचं लाव. मग आम्ही आहोतच. आमची घाई कधीच निघून गेली. आणि अंगण शांत झालं. तुला माहीत आहे तिचा तो आवाज. त्याच आवाजात ती तुम्हा दोघांना एके काळी टेबल रिकामं करायला सांगायची.

पहिलं लग्न लागलं. वधू 'हो' म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. दुसरं लागलं, तुताऱ्यांनी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि सूपवाले जसे आले तसे लोंढ्याने बसमधे चढून गेले. अंगण एकदम मोठं वाटायला लागलं. पेर्सिदाबाईंनी पट्टा नीट केला आणि आम्हाला आत बोलावलं. "साक्षीदार?" त्या म्हणाल्या. स्वेताकाकांची बहीण पुढे आली. आईचा साक्षीदार कुठाय? ग्वोझ्देनकाका नव्हते. सभागृहात नव्हते, अंगणात नव्हते, स्वच्छतागृहात नव्हते. मग पोस्टमन म्हणाला, ते मोठ्या मिशांचे, काळ्या सुटातले ना? त्यांना तर सूपवाल्यांनी खांद्यावर घेऊन बसमधे बसवलं. वधूचे परदेशातले मामा समजून.

(संध्याकाळी ते परत आले. छातीवर आणखी दोन रोजमेरीच्या काड्या, हातात फडक्यात बांधलेला केक. तिथे त्यांना मुख्य टेबलाशी बसवलं होतं, सूप, सार्मा, भाजलेलं मेंढरू, सगळं झालं होतं, आणि त्यांनी भाषणही केलं होतं. 'तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही का?' असं मी त्यांच्या कानात ओरडून विचारलं. "वाटलं ना," ते म्हणाले. "मला वाटलं, ल्युबिंकाने बराच खर्च केला.")

तर साक्षीदार नव्हता. मी म्हटलं, मी उभी राहते. कायद्याला चालतं, पेर्सिदाबाईंनी मान डोलावली. पोस्टमनही तयार होता. आईने माझ्याकडे पाहिलं, मग सभागृहाच्या उघड्या दारातून बाहेर, अंगणापलीकडे, फाटकाकडे. बराच वेळ. डोंगराकडून येणारी बस त्याच सुमारास तिथे थांबते. बस थांबली, एक बाई कोंबडीची टोपली घेऊन उतरली, बस गेली. मग आई म्हणाली, "आज नको."

"ल्युबिंका, अगं," पेर्सिदाबाई म्हणाल्या, "दोन मिनिटांचं काम आहे."

"हो ना. मग कधीही होईल."

 स्वेताकाकांनी तिचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि आम्ही पायी घरी आलो. वाटेत आईने मला दोनदा बजावलं: वुकाशिनला यातलं काही कळवायचं नाही. तो येणार नाही हे त्याने सांगितलंय, आता त्याच्या मागे लागायचं नाही. घरी आल्यावर तिने निळा पोशाख काढून कपाटात टांगला, एप्रन बांधला, आणि लग्नासाठी केलेलं सगळं आम्हाला वाढलं. स्वेताकाकांनी तीनदा घेतलं आणि गीझरकडे बघून येतो म्हणून आत गेले.

तेव्हा मामा, मी हे कळवत नाही आहे. मी फक्त स्केलाबद्दल लिहिते आहे, आणि ते लिहिणं माझं कर्तव्यच आहे. तर स्केलाचं असं केलंय: आता ती आपणहून काहीच लक्षात ठेवत नाही. हे उत्तर जवळ ठेवलं तर चालेल, असं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्या एका प्रश्नापुरतं सांगायचं, आणि किती वेळ ठेवायचं तेही सांगायचं. सभागृहाचे फोटो, पायऱ्या किती, गाड्या कुठे लावायच्या, हे ठेवलेलं देते. एका सर्व्हरवर काही बदललं की तो दुसऱ्याला हाक मारून सांगतो. पण 'ही वेळ रिकामी आहे का?' असं कुणी विचारलं, की गुपचूप तराफा सोडायचा आणि पलीकडे जाऊन विचारून यायचं. तुझी अर्धी, त्यांची अर्धी. तुम्ही दोघं वीस वर्षांपूर्वी सूप गार व्हायच्या आत एवढ्यावर आला असतात, तर मला एवढी मेहनत पडली नसती.

शेळ्यांना माझा नमस्कार. गुडघ्याला पट्टा बांध. भट्टीशी एकटा बसत जाऊ नकोस, मागच्या साली भुवया जाळून घेतल्या होत्यास.

तुझी लाडकी (एकुलती एक असल्यामुळे),
झोराना

ता. क. बदललेल्या कोडची पानं छापून सोबत पाठवते आहे. लाल पेन्सिलीने तपास. तुझा होकार आल्याशिवाय मी ते कुणालाही वापरायला देणार नाही.

ता. क. २. दिलं. रविवारीच. सभागृहाला पुढच्या शनिवारची लग्नं लावायची होती. पण तू तपास, आणि चूक सापडली तर समोरासमोर ओरड, कागदावर तुझा आवाज नीट ऐकू येत नाही.

ता. क. ३. मुख्य लिहायचं राहिलंच. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी, अकरा वाजता. मी साइटवर पाहिलं, डेटाबेसला विचारलं, आणि मग स्वतः जाऊन पेर्सिदाबाईंच्या पडद्यावरही पाहिलं. तोपर्यंत तुझे आलुबुखार पिंपात असतील, तेव्हा तसलं पोस्टकार्ड पुन्हा चालणार नाही. बाईंनी आईच्या साक्षीदाराचं नाव विचारलं. घाईत मी तुझंच सांगून टाकलं. आता ते बदलायचं असेल तर साक्षीदाराला प्रत्यक्ष यावं लागतं, असा नियम आहे. (असा नियम मी बाईंना करायला लावला आहे.) आईला यातलं काहीही माहीत नाही.

ता. क. ४.
वुले, पाकीट उघडंच होतं. (नव्हतं. किटलीच्या वाफेवर उघडलं.) हिने लिहिलंय त्यातलं निम्मं खोटं आहे. मी फाटकाकडे बघत नव्हते, डोळ्यांवर ऊन येत होतं. आणि गीझर खरंच बिघडला होता, निदान पहिल्या गुरुवारी तरी. मे महिन्यात मी तुला विचारलं आणि तू नाही म्हणालास. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी सांगत आले की वुकाशिन येणार नाही. तुला मात्र कुणी पुन्हा विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आता विचारते.
येतोस का?
ल्युबिंका